पाऊण बोटाचा फरक

संग्रहालयाच्या दारातच जमिनीत दोन पितळी पावलं बसवली होती. शेजारी पाटी होती, 'भिंगरीच्या पावलांत उभे राहा.' उद्घाटनाला चार दिवस बाकी होते, पाटीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. आत्याने पाटी वाचली, चपला काढल्या, दोन्ही पावलांत पाय ठेवून उभी राहिली आणि लगेच बाजूला झाली.

"काय झालं, आत्या?" भाच्याने विचारलं.

"काही नाही. फारच सारखी आहेत."

भाच्याला वाटलं, आत्याने कौतुक केलं. तो खूश होऊन पुढे चालू लागला.

भिंगरी म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्याने अकरा वर्षं कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला हे नाव दिलं. घरात तो छोट्या होता. त्याच्याही आधी गल्लीतल्या पोरांनी त्याला एक नाव ठेवलं होतं, पण ते पितळेत ओतण्यासारखं नव्हतं. छोट्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि अजून वडिलांच्याच दुकानात बसून लोकांचे जोडे दुरुस्त करत होती. खरी आत्या ती एकट्या भाच्याचीच, पण त्याचं ऐकून पोस्टमनपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. तिच्या जिभेला हाड नव्हतं, हेही त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

इमारत मात्र झोकात उभी राहिली होती. खाली संग्रहालय, वर सांस्कृतिक केंद्र, त्यात सभागृह आणि नाच-गाण्याच्या वर्गांच्या खोल्या, मागे धावण्याची शाळा. भाचा विश्वस्तांचा अध्यक्ष होता. दोन वर्षं त्याने या कामाला वाहून घेतलं होतं, जेवणाची शुद्ध ठेवली नव्हती. आत्याला त्याचं कौतुक होतं. पोटचा नसला तरी तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला होता तो.

पहिल्या दालनात एका अख्ख्या भिंतीवर माणसाची सोनेरी आकृती काढली होती, डोक्यापासून टाचेपर्यंत मापं घातलेली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'निसर्गाने घडवलेले परिपूर्ण शरीर.'

"हा कोण?" आत्याने विचारलं.

"पप्पा आहेत, आत्या!"

"असं होय. मला वाटलं, शिंप्याच्या दुकानातला पुतळा."

पुढे रेल्वे स्टेशनवरचा जुना फोटो भिंतभर मोठा करून लावला होता. डब्याच्या दारात छोट्या उभा, वडील खाली फलाटावर. वडिलांच्या पँटला पट्टा नव्हता, कमरेला सुतळी बांधलेली स्पष्ट दिसत होती. खाली ओळ होती, 'साधी राहणी: मुलाला निरोप देताना वडील.' आत्याने नाक मुरडलं. त्या सुतळीचा साध्या राहणीशी काडीचाही संबंध नव्हता. पण भांडायला एका दिवशी किती विषय घ्यायचे, म्हणून ती पुढे निघाली.

मधल्या दालनात बूट होते. छोट्याने पहिली मोठी शर्यत जिंकली ते, आत्याने स्वतः शिवलेले. आठ महिन्यांपूर्वी तिनेच ते वर्तमानपत्रात गुंडाळून भाच्याच्या हवाली केले होते. आता मखमलीवर ठेवलेले ते बूट पाहून ती आधी हरखलीच. चामडं उजळलं होतं, टाका न् टाका मोजता येत होता. पेटीवर काच अजून बसायची होती. आत्या पुढे झाली आणि तिने डाव्या बुटात हात घातला.

"हात लावू नका!" रखवालदार ओरडला.

आत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिची बोटं टाचेपर्यंत गेली आणि जिथे टेकायला हवी होती तिथे टेकलीच नाहीत, आणखी खाली गेली. तिने उजव्या बुटात हात घालून पाहिला. दोन्ही बूट सारखेच खोल होते.

"थर कुठे गेले?" ती म्हणाली.

"कसले थर?"

"डाव्या टाचेखाली चामड्याचे तीन थर होते. कुणी काढले?" आवाज असा चढला की शिडीवर दिवे बसवणारे दोघे खाली उतरले.

संचालक गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि शब्द कधी मागे येत नसे. त्यांनी आत्याला आपल्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि बुटाचे दोन फोटो समोर ठेवले, एक आधीचा, एक नंतरचा. जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञ बाई संग्रहालयात होत्या. त्यांना डाव्या बुटात अस्तराखाली दुसऱ्याच जातीचं चामडं सापडलं, टाकेही दुहेरी. म्हणजे मागाहून केलेली दुरुस्ती. ती काढून त्यांनी बूट मूळ रूपात आणला होता.

"मूळ रूप?" आत्या म्हणाली. "अहो, मूळ रूप मी शिवलं की तुमच्या बाईंनी? ते थर मी घातले. वरून अस्तर असं बसवलं की कुणाच्या बापाला कळू नये. साठ वर्षं कळलंही नाही."

"पण घातले कशाला?" भाच्याने विचारलं.

जिभेला हाड नसलेल्या या बाईने आयुष्यात एवढी एकच गोष्ट गिळून ठेवली होती, आणि ती आता वर यायला वेळ लागत होता.

"तुझ्या बापाचा डावा पाय पाऊण बोट तोकडा होता," ती शेवटी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. छोट्या सात वर्षांचा असताना गोदामाच्या पत्र्यावरून पडला. मांडीचं हाड कुणीतरी कसंबसं बसवलं, ते जुळलं, पण पाय आखूड राहिला. गल्लीने त्याचं नाव लंगड्या ठेवलं. तेव्हा छोट्याने आपल्या डोक्याने हिशेब केला: चालताना लंगडतो ना, मग चालायचंच नाही. तो पळू लागला. पाण्याला पळत जायचा, शाळेतून पळत यायचा. पुढे निवड समितीच्या डॉक्टरने त्याला उभं करून तपासलं, तेव्हा त्याने डावी टाच पाऊण बोट वर उचलून धरली, कपाळावर घाम आला तरी खाली टेकवली नाही. डॉक्टरने 'सुदृढ' असं लिहून दिलं. खरं कळतं तर त्याच दिवशी घरी पाठवला असता. म्हणून ही गोष्ट बहीण-भावांत राहिली.

"जायच्या आधी मला म्हणाला, ताई, आता सांगून टाक. आता कोण मला शर्यतीतून काढणार आहे? आणि बूट कुठे ठेवशील तर आहेत तसेच ठेव. मी शब्द दिला त्याला."

"मग दोन वर्षं सांगितलं का नाहीस?"

"आज सांगते, उद्या सांगते करत राहिले," आत्या म्हणाली. "सवय मोडवत नव्हती. चुकलंच माझं."

संचालकांनी सहानुभूतीने मान हलवली. मग त्यांनी सांगितलं की अशा गोष्टीला पुरावा लागतो. शिवाय बूट आता रीतसर संस्थेचे आहेत, दानपत्रावर आत्याचीच सही आहे. पहिलं दालन, दारातली पावलं, धावण्याच्या शाळेची माहितीपत्रकं, सगळं एकाच कल्पनेवर उभं आहे. चार दिवसांत तिला धक्का लावता येणार नाही. एवढं अत्यंत गोड शब्दांत सांगून ते फोन घ्यायला बाहेर गेले.

भाचा खिडकीशी उभा होता. खाली मैदानावर मजूर पांढरे पट्टे आखत होते.

"सगळ्यांसमोर पप्पांना लंगडं म्हणायचं, आत्या?"

"होता म्हणून म्हणायचं. त्यात लाज कसली?"

"मी बावीस वर्षांचा होईपर्यंत पळलो," भाचा म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. "प्रत्येक वेळी शेवटून दुसरा नाहीतर तिसरा. लोक म्हणायचे, बापाचं अंग वेगळंच होतं, देवाची देणगी होती, पोराला कुठून येणार. मी तेवढ्यावर जगलो. आता तू सांगतेस, त्यांचा पाय तोकडा होता. माझे तर दोन्ही सारखे होते, आत्या."

चहा निवून गेला होता. आत्याने तो तसाच पिऊन टाकला आणि पिशवी उचलली.

दारात संचालक भेटले. "उद्घाटनाला आपण यायचंच. डावा बूट आपल्याच हातून पेटीत ठेवायचा आहे."

"येईन की," आत्या म्हणाली. "पण मान हलवायला येणार नाही, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. चाळिशीच्या असतील, कपाळावर भिंगाचा चष्मा चढवलेला, तो काढायचं विसरून तशाच रस्त्याने आल्या होत्या. पायांतले बूट धड होते, म्हणजे गिऱ्हाईक नव्हतं.

"मीच काढले ते थर," त्या म्हणाल्या.

आत्याच्या हातात रापी होती, चामडं कापायची धारदार पाती. ती तिने खाली ठेवली, उगाच बाईंना भीती वाटायला नको म्हणून. "बसा. भांडायचं असेल तर बसून भांडू."

जतनवाल्या बाई भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी बॅगेतून एक जाड कागदी पाकीट काढलं. आमच्या कामात काढलेला तुकडाही फेकत नाहीत, त्या म्हणाल्या, धूळसुद्धा ठेवतात. पाकिटात पारदर्शक कागदांत वेगवेगळे ठेवलेले तीन थर होते. आत्याने पाहिले आणि तोंड फिरवलं. तिने खोकल्याचं निमित्त केलं.

पाकिटावर बारीक अक्षरांत नोंद होती: 'मागाहूनची दुरुस्ती. दोन तुकड्यांवर छिद्रे, कीड लागल्याने.'

"कीड?" आत्या म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. समोरचा सायकल दुरुस्तीवाला मान वर करून बघू लागला. "अहो, कीड अशी ओळीने खाते का? टेप लावून? ती पट्ट्याची भोकं आहेत!"

मग तिने खालच्या खणातून एक जुनी डबी काढली. आत पितळी बक्कल होतं आणि त्याला चिकटून राहिलेला बोटभर चामड्याचा तुकडा. तो पट्टा वडिलांचा. दुकानात बसून करायचं काम असताना लंगडं पोर गावभर पळतं, हे वडिलांना सहन होत नसे. छोट्या पळून आला की पट्टा कमरेचा हातात यायचा. आत्या तेव्हा एकोणीस वर्षांची होती. एके दिवशी दुपारी वडील झोपले होते, पट्टा खिळ्याला लटकत होता. दुकानात चामड्याचे ढीग पडले होते, पण तिला तेच चामडं हवं होतं. तिने टोकाकडून वीतभर कापून पहिला थर केला. उंदराने कुरतडला असेल, असं वडिलांना सांगितलं. महिन्याने दुसरा थर कापला, तेव्हा पट्टा कमरेला पुरेना, आणि उंदीर कोण ते वडिलांच्या ध्यानात आलं.

"मग?" बाईंनी विचारलं.

"माझ्यावर हात उगारला. पण हातात पट्टाच नव्हता, तेव्हा काय करायचं ते त्यांना सुचेना. चामड्याच्या कपाटाला कुलूप घातलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं."

जतनवाल्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. त्यांनी तिन्ही थर ओळीने मांडले, शेवटी बक्कल ठेवलं. काप कापाला जुळत गेला. बक्कलाकडचा थर हातात घेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"पहिले दोन एका हाताने कापलेत," त्या म्हणाल्या. "हा तिसरा दुसऱ्या कुणी कापलाय. रापी उलट्या बाजूने चाललीय."

आत्याने त्यांच्याकडे नव्याने पाहिलं. ही बाई चुकली होती, पण डोळे होते तिला. "डावखुऱ्या माणसाने कापलाय," ती एवढंच म्हणाली. "त्याचं मी ज्याला सांगायचं त्याला सांगेन."

उठताना बाईंनी पाकीट पुन्हा बॅगेत घातलं. "हे मला तुम्हाला देता येणार नाही. संचालकांना मी सकाळीच सांगितलं की माझी चूक झाली. ते म्हणाले, उद्घाटनानंतर बघू." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण त्या दिवशी मी पेटीजवळच उभी असणार. आणि पाकीट माझ्याकडे ठेवायला मला कुणी मनाई केलेली नाही."

उद्घाटनाच्या दिवशी आत्या रोजच्याच कपड्यांत आली, खांद्याला रोजचीच पिशवी. दारावर रखवालदाराने पिशवीत डोकावून पाहिलं. आत टाके घालायची आरी होती, मेण लावलेला दोरा, खळीची डबी.

"हे कशाला, आत्या?"

"बूट ठेवायचाय ना पेटीत? मग अवजारं नकोत?"

त्याला ते पटलं. मधलं दालन माणसांनी गच्च भरलं होतं. भाषणं झाली. प्रमुख पाहुण्या परिपूर्ण शरीरावर बोलल्या, संचालक परिपूर्ण आयुष्यावर बोलले. भाचा जेमतेम दोन मिनिटं बोलला, तेही कागदावरून. मग त्याने पांढरे हातमोजे चढवले, तबकातून डावा बूट उचलला आणि आत्यासमोर धरला. दुसऱ्या तबकात तिच्यासाठी हातमोज्यांचा जोड होता.

"राहू दे," आत्या म्हणाली. "शिवला तेव्हा कुठे घातले होते?"

तिने बूट घेतला, पेटीकडे पाठ केली आणि दालनातल्या बाकावर जाऊन बसली. पिशवी उघडली, अवजारं मांडली, बूट गुडघ्यांत धरला. लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग असेल. दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"बाई," ती जतनवाल्या बाईंना म्हणाली, "आणा ते पाकीट."

बाईंनी संचालकांकडे पाहिलं नाही. सरळ चालत आल्या आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

संचालक लगबगीने बाकापाशी आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला. "आत्या, हे आत्ता नको. आपण नंतर शांतपणे..."

"साहेब, साठ वर्षं शांतपणेच चाललं होतं." ती मोठ्याने बोलली, ध्वनिक्षेपकाची तिला गरजच नव्हती. "ऐका सगळ्यांनी. भिंगरीचा डावा पाय पाऊण बोट तोकडा होता. गल्लीत त्याला लंगड्या म्हणायचे. त्या पायाने तो अकरा वर्षं कुणाला सापडला नाही. हे तीन थर त्याच्या टाचेखाली होते, ते या लोकांनी काढून टाकले आणि माझ्या भावाला शिंप्याचा पुतळा केला. मी ते परत घालणार आहे. कुणाला अडवायचं असेल त्याने पुढे यावं."

प्रमुख पाहुण्या खाली बसल्या. पुढे कुणी आलं नाही, फक्त भाचा आला.

"आत्या, पुरे," तो दबक्या आवाजात म्हणाला. चेहरा लाल झाला होता. "माझी शपथ आहे तुला."

"तुझी शपथ मोडून तुझ्या बापाला दिलेला शब्द पाळीन. बस इथे."

"कशाला? पट्ट्याने मारणाऱ्या आजोबांच्या गोष्टी चारचौघांत ऐकायला? बाईंनी काल सांगितलं मला सगळं."

"सगळं नाही सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं." आत्याने पहिला थर बसवला, खळ लावून अंगठ्याने दाबला. मग दुसरा. "दोन थर मी कापले. तरी पाव बोट कमी पडत होतं. पट्ट्याचा उरलेला भाग बाबांच्या पेटीत, कपाटाला कुलूप. छोट्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसणार होता. सकाळी दुकान उघडलं तर माझ्या पाटावर हा पडलेला." तिने तिसरा थर वर धरला. "कापलेला, खालची बाजू तासून गुळगुळीत केलेला, नेमका पाव बोट जाडीचा. शेजारी बक्कल. बाबा डावखुरे होते. हा त्यांचा काप आहे."

तिने तोही खळ लावून बसवला.

"मला एका शब्दाने बोलले नाहीत. छोट्याला बोलले नाहीत. मारलं ते चुकलं, असंही मरेपर्यंत म्हणाले नाहीत. मीही माफ केलं नाही, हे तुला खरं सांगते. पण स्टेशनवर आले. आणि दुसरा पट्टा त्यांनी जन्मात घेतला नाही."

भाच्याने मान वळवली. पलीकडच्या दालनातला फोटो उघड्या दारातून दिसत होता. त्याच्याबरोबर आणखी माणसांनी तिकडे पाहिलं, मग मागच्यांनी टाचा उंचावून पाहिलं. फलाटावरचा तो माणूस, कमरेला सुतळी. मघाशी दोनशे लोक त्याच्यासमोरून साधी राहणी, साधी राहणी म्हणत गेले होते.

"मला का नाही सांगितलं कुणी?" भाचा म्हणाला. आता तो अठ्ठेचाळीस वर्षांचा वाटत नव्हता.

"तू हरून यायचास आणि खोलीचं दार लावून घ्यायचास. तेव्हाच सांगायला हवं होतं, की पाय सारखे असण्याने काही होत नसतं रे. तुझ्या बापाने सांगितलं नाही, ती त्याची चूक. मी सांगितलं नाही, ती माझी. त्याने टाच उचलून धरली ती डॉक्टरपुढे धरली, ते ठीक. तुझ्यापुढेही धरून बसला, ते त्याला शोभलं नाही."

तिने आरी उचलली. टाचेच्या आत टाका घालायचा म्हणजे बूट हलता कामा नये. पूर्वी तो गुडघ्यांत गच्च धरता यायचा, आता गुडघ्यांत तेवढा जोर राहिला नव्हता. बूट घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला.

भाच्याने एक हातमोजा काढला, मग दुसरा. ते खिशात कोंबून तो सुटाबुटात तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि बूट दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"घाल टाका," तो म्हणाला.

तिने चार टाके घातले, अस्तर ओढून बसवलं. मग बूट भाच्याच्या हातात दिला, आणि त्यानेच तो उघड्या हातांनी पेटीत ठेवला. शेजारी तिने बक्कल ठेवलं. संचालकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. प्रसंग पाहून पुढे चालणारा माणूस तो, त्यात नवल नव्हतं.

एवढ्यावर सगळं मिटलं असं मात्र नाही. पेटीवरची पाटी बदलली, सुतळीखालची ओळ जतनवाल्या बाईंनी पुन्हा लिहिली, भिंतीवरची सोनेरी आकृती मात्र समितीपुढे विचाराधीन राहिली. दारातली पितळी पावलं तर आहेत तशीच होती. ती पुन्हा ओतायची म्हणजे फरशी उखडावी लागेल, असं संचालकांचं म्हणणं पडलं.

आत्या दुसऱ्याच दिवशी आली आणि डाव्या पावलाच्या टाचेवर पाऊण बोट जाड चामड्याची पाचर चिकटवून गेली. सफाईवाल्याने ती काढली. तिने दुसरी चिकटवली. संचालकांनी नोटीस लावली, 'पावलांवर काहीही चिकटवू नये.' तिने नोटीस वाचली आणि तिच्या खालीच बसून तिसरी चिकटवली. चामड्याला तोटा नव्हता, आता कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला होती. रखवालदार दर वेळी भिंतीवरचं घड्याळ बघत उभा राहायचा.

पाचव्या पाचरीच्या वेळी मागे कुणीतरी येऊन थांबलं. भाचा होता.

"ही काढायची नाही असं सांगितलंय मी," तो म्हणाला. "काल बैठकीत. भांडून."

"कुणाशी?"

"सगळ्यांशी."

आत्याने त्याच्याकडे वर पाहिलं. मग पाचर तळहाताने दाबून बसवली, जरा वेळ धरली आणि भिंतीचा आधार घेत उठली.

भाच्याने बूट-मोजे काढले आणि त्या पावलांत उभा राहिला. डावा गुडघा किंचित वाकला, कंबर एकीकडे गेली. दोन्ही पाय सारखे असलेल्या माणसाला तिथे धड उभं राहता येईना. त्याने तोल सावरून पाहिला, पुन्हा कलला.

"पप्पा असे उभे राहायचे?" त्याने विचारलं.

"उभा कुठे राहायचा रे तो," आत्या म्हणाली. "पळायचा."